कोळसा खाणकामगारांची टपाल तिकिटे : संच घेण्यापूर्वी थोडी माहिती

नमस्कार,

आमच्या छोट्या पेढीकडे विषयवार तिकिटे मागणाऱ्यांत पक्षी, फुले आणि रेल्वेचे चाहते सर्वांत जास्त. कोळसा खाणकामगार हा विषय सांगणारे मोजकेच, पण ते बहुधा घरातल्या कुणाच्या तरी आठवणीने येतात. 'आजोबा खाणीत होते,' एवढे सांगून ते गप्प होतात. हे पत्रक मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. कोळशावरची तिकिटे जगात भरपूर निघाली, पण त्यातल्या पुष्कळ तिकिटांवर खाणीचा मनोरा, यंत्र किंवा कोळशाचे ढीग दिसतात, माणूस दिसत नाही. आम्ही लावलेल्या संचात कामगार दिसतो किंवा त्याच्या मरणाची आठवण ठेवलेली असते. यंत्रांची तिकिटे हवी असतील तर जरूर सांगा, वेगळी काढून देऊ. या संचात मात्र ती मिसळत नाही.

संचातली जुनी तिकिटे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांतली आहेत, आणि त्याला कारण आहे. मोडलेले देश उभे करायचे होते. आगगाड्या, वीज, पोलाद, घरातली शेगडी, सगळे कोळशावर अडलेले. जपानने त्या काळात उद्योगधंद्यांवर नियमित तिकिटांची मालिका काढली, तीत पाच येनच्या तिकिटावर खाणकामगार आला. जर्मनी-फ्रान्स सीमेवरच्या सार या कोळसापट्ट्यानेही १९४७ मध्ये तेच केले. ही स्मारक तिकिटे नव्हेत, रोजच्या पत्रांना लागणारी साधी तिकिटे आहेत. म्हणून काही संग्राहक ती बाजूला सारतात. आम्हाला ते पटत नाही. स्मारक तिकीट ठरावीक संख्येत निघते आणि बऱ्याचदा थेट अल्बममध्ये जाते. नियमित तिकीट मात्र वीजबिलावर, लग्नपत्रिकेवर, आईच्या पत्रावर बसून घरोघर पोचते. खाणकामगाराचा चेहरा असा घरोघर जावा, हा मान आम्हाला लहान वाटत नाही.

फ्रान्सचे १९४९ चे 'खाणकामगार' तिकीट हातात आले की घाई करू नका. शेतकरी, कोळी, खाणकामगार आणि धातुकामगार अशा चौघांच्या संचातले ते एक. किमतीपुढे अधिकची रक्कम छापलेली दिसेल, ती मदतनिधीसाठी घेतली जाई. छपाई कोरीव पद्धतीची आहे. दिव्याखाली तिकीट किंचित तिरके धरले की शाई कागदावर उठून आलेली दिसते. मग भिंग लावा. नुसत्या डोळ्यांना जी सावली वाटते ती सावली नसतेच. त्या बारीक रेघा असतात, दाट काळोखाच्या जागी एकमेकींना छेदत गेलेल्या आणि उजेडाच्या जागी विरळ झालेल्या. खाणीतला अंधार कुणीतरी रेघेरेघेने कोरला आहे, हे एकदा पाहिले की तिकीट विसरता येत नाही.

सोव्हिएत संघात पहिला खाणकामगार दिन २९ ऑगस्ट १९४८ रोजी साजरा झाला आणि त्या वर्षी त्यावर तिकिटेही निघाली. हा दिवस निवडण्यामागे अलेक्सेई स्ताखानोव याचा ऑगस्ट १९३५ मधला विक्रम होता : एका पाळीत १०२ टन कोळसा. त्याच्यामागे छताला लाकडी टेकू देत जाणारे आणखी दोघे होते, त्यांची नावे फार कुणाला ठाऊक नसतात. अल्बमच्या पानावर टीप लिहिणार असाल तर त्या दोघांसाठी एक ओळ जरूर ठेवा.

अमेरिकेचे तिकीट ऑगस्ट २०१३ मधले. औद्योगिक कामगारांच्या कृष्णधवल छायाचित्रांची बारा तिकिटे एका शीटवर आहेत. अकरा छायाचित्रे लुईस हाइन यांची. बारावे, म्हणजे मधल्या ओळीतला खाणकामगार, कॉर्नेल विद्यापीठाच्या संग्रहातून घेतलेले आहे. तिकिटावर किमतीचा आकडा नाही म्हणून ते सदोष समजू नका. ते 'फॉरएव्हर' तिकीट आहे, दर वाढले तरी साध्या पत्राला चालते. शक्यतो शीट फाडू नका. बारा कामगार एकत्र राहू द्या.

बरेच जण विचारतात, अमेरिकेने मोनोंगाहवर तिकीट का काढले नाही? ६ डिसेंबर १९०७ रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या त्या खाणीत स्फोट होऊन अधिकृत नोंदीप्रमाणे ३६२ जण गेले. उत्तर तिथल्या टपाल खात्याच्या नियमांत आहे : दुर्घटनांवर तिकीट काढायचे नाही. तिथे खाणकामगाराला तिकिटावर यायचे तर कामाच्या जोरावरच यावे लागते. फ्रान्सचा मार्ग वेगळा. १० मार्च १९०६ रोजी तिथल्या कूरिएरच्या कोळसा खाणीतल्या दुर्घटनेत १,०९९ जण मेले, त्यात पोरवयाची मुलेही होती. शंभर वर्षांनी, २००६ मध्ये, फ्रान्सने त्यावर तिकीट काढले. त्या खाणीतून वीस दिवसांनी तेरा जण स्वतःच्या पायांनी वाट शोधत बाहेर आले होते आणि आणखी काही दिवसांनी एक जण. तोवर सगळ्यांना मृत धरले गेले होते. अमेरिकेचे २०१३ चे आणि फ्रान्सचे हे २००६ चे, अशी दोन्ही तिकिटे आम्ही एकाच पानावर समोरासमोर लावतो. एकात काम करणारा माणूस आहे, दुसऱ्यात घरी न परतलेली माणसे. दोन्हींशिवाय पान अपुरे वाटते.

नवे तिकीट निघावे म्हणून काय करायचे, हेही विचारले जाते. अमेरिकेत १९५७ पासून नागरिकांची सल्लागार समिती आहे. कुणीही साधे पत्र लिहून विषय सुचवू शकतो, मात्र किमान तीन वर्षे आधी. इतर देशांचे नियम निराळे आहेत. पत्रात 'खाणकामगारांचा गौरव करावा' एवढेच लिहून भागत नाही. कोणता प्रसंग, कोणते वर्ष, तिकिटावर काय दिसावे, हे नेमके लिहा.

आता जपणुकीबद्दल. मागे एका ग्राहकाने वडिलांचे फर्स्ट डे कव्हर, म्हणजे तिकीट निघाल्या दिवशीचा शिक्का असलेले पाकीट, आणले. खराब होऊ नये म्हणून त्यांनीच प्रेमाने त्यावर चिकटपट्टी लावली होती. पट्टी पिवळी पडून तिचा डाग शिक्क्यावरच्या तारखेपर्यंत उतरला होता. तो डाग आम्हाला काढता आला नाही. तेव्हा चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. तिकीट चिमट्याने उचला, अल्बम उभा ठेवा, दमट भिंतीपासून दूर ठेवा. शिक्का मारलेले तिकीट पाकिटावरून सोडवू नका, कारण गाव आणि तारीख त्या शिक्क्यातच असते.

घरात खाणीतले ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी किंवा जुने पत्र असेल तर येताना बरोबर आणा. ते तिकिटांशेजारी बसेल असे पान आम्ही कापून देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.