स्लायडरचा जीव बोल्टात

बाइक पडली तर टाकी आणि इंजिन वाचावं म्हणून फ्रेमच्या दोन्ही बाजूंना बोल्टने बसवायचा ठोकळा म्हणजे फ्रेम स्लायडर. तो घ्यायला आलेला माणूस आधी त्या काळ्या ठोकळ्यात नख रुतवून बघतो. रुतलं नाही की विचारतो, "एवढा कडक? मग धक्का कसा खाणार?" मऊ, रबरी ठोकळे विकले जातात ते याच समजुतीवर. पण स्लायडरचं काम धक्का खायचं नाही, घसरायचं आहे. नावातच आहे ते.

हिशेब करून बघू. १७० किलोची बाइक उभ्याउभ्या आडवी झाली तर तिचा गुरुत्वमध्य साधारण पाव मीटर खाली येतो, म्हणजे सुमारे ४२० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. तीच बाइक नागपूरच्या वर्धा रोडवर ताशी ५० किमी वेगात पडली तर गतिज ऊर्जा होते १६,४०० ज्यूल. जवळजवळ चाळीसपट! एवढी ऊर्जा मुठीएवढा ठोकळा पिऊन टाकेल, ही आशा सोडा. ती रस्त्यावर घासूनच संपते. घर्षणांक, म्हणजे रस्त्याच्या पकडीचं माप, ०.४ धरला तर बाइक २५ मीटर घसरते आणि रस्ता तिला ६७० न्यूटनच्या जोराने मागे ओढतो. मऊ रबर डांबराला पकडतं. तिथे घर्षणांक ०.८ धरला तर ओढही दुप्पट होते, आणि ही ओढ ज्याला सोसायची असते तो असतो आतला बोल्ट.

म्हणून ठोकळा अ‍ॅसिटलचा बरा. ड्युपॉन्टने १९६० मध्ये डेलरिन या नावाने बाजारात आणलेलं हेच ते प्लास्टिक. ते झिजतं, पण गुळगुळीत झिजतं. नायलॉनही चालतं, फक्त ते पाणी शोषतं आणि पावसाळ्यात थोडं फुगतं, नरम पडतं. पाकिटावरच्या 'एअरक्राफ्ट ग्रेड अ‍ॅल्युमिनियम'ला मात्र भुलू नका. ६०६१ हा मिश्रधातू सायकलच्या फ्रेमलाही वापरतात.

आता बोल्टाकडे. बाइक जागेवर कलंडते तेव्हा जोर बोल्टाच्या लांबीच्या दिशेने येतो. घसरताना मात्र तो आडवा येतो, आणि फ्रेमपासून सात सेंटीमीटर बाहेर आलेला ठोकळा तरफेसारखं काम करतो. १० मिमी जाडीचा, डोक्यावर ८.८ हा ताकदीचा दर्जा कोरलेला बोल्ट नुसताच बाहेर आलेला असेल तर त्या टोकाला सुमारे ९०० न्यूटन, म्हणजे ९० किलोच्या माणसाइतका भार, त्याला वाकवायला लागतो. ६७० आणि ९०० यांत फारसं अंतर नाही. रस्त्यातल्या एका उंचवट्याने ते मिटतं.

तोच बोल्ट ५० न्यूटन-मीटरने आवळला की चित्र पालटतं. आवळताना बोल्ट स्प्रिंगसारखा ताणला जातो आणि स्लायडरची बैठक फ्रेमवर साधारण २५,००० न्यूटनने दाबून धरतो. बैठक ३० मिमी व्यासाची असेल तर ती पूर्ण उलटवायला टोकाशी ५,००० न्यूटनच्या वर आडवा जोर लागतो. लोखंड तेच, जाडी तीच. सगळी करामत ताणाची.

पण हा ताण किती, तर शंभरेक मिलिमीटर लांब बोल्ट आवळल्यावर मिलिमीटरचा सहावा-सातवा भाग लांबतो. पोस्टकार्डाच्या जाडीपेक्षाही कमी! तेवढी जागा बोल्टाला परत मिळाली की पकड शून्यावर आली. स्वस्त स्लायडर इथेच फसतात. त्यांच्या बोल्टाचं डोकं थेट प्लास्टिकवर बसतं. सतत दाबाखाली प्लास्टिक हळूहळू दबत जातं, याला क्रीप म्हणतात, आणि उष्णतेने हे दबणं वाढतं. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांवर, तेही भर उन्हात उभ्या असलेल्या बाइकवर, काळा ठोकळा हवेपेक्षा बराच तापतो. बोल्ट दिसायला जागेवर असतो, पण ढिला झालेला असतो. घेताना ठोकळ्यात डोकावून बघा. आत धातूची नळी हवी आणि आवळण्याचा दाब तिच्यातून फ्रेमवर जायला हवा. बोल्टाचं डोकंही खोल खाचेत हवं, नाहीतर प्लास्टिक झिजताच ते रस्त्याला लागतं.

बसवताना इंजिनखाली लाकडी फळी ठेवून जॅक लावा. स्लायडर बसतो तो इंजिन फ्रेमला धरणाऱ्या, म्हणजे इंजिन माउंटच्या बोल्टांच्या जागी. हे बोल्ट एका वेळी एकाच बाजूचे काढा, दोन्हीकडचे सुटले तर इंजिन खाली बसतं आणि भोकं जुळत नाहीत. अ‍ॅल्युमिनियममध्ये बोल्टाचे आटे किमान १५ मिमी आत गेले पाहिजेत. आटे साफ करून निळा थ्रेडलॉक (आटे ढिले होऊ न देणारा गोंद) लावा, आणि टॉर्क पान्यावर (ठरवलेल्या जोराइतकंच आवळू देणारा पाना) सर्व्हिस मॅन्युअलमधलाच आकडा ठेवा. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेलकट आट्यांवर वापरला तर बोल्ट जास्त ताणला जातो. साधारण १०० किमी चालवून आवळणी पुन्हा तपासा.

लांबी बघायला झाडूचा दांडा पुरतो. हँडलच्या टोकापासून स्लायडरपर्यंत आणि तिथून फुटरेस्टपर्यंत तो टेकवा. टाकी आणि इंजिन कव्हर दांड्याच्या आत राहिले की झालं. 'अजून थोडा लांब असू द्या' हा आग्रह महाग पडतो. सातचे दहा सेंटीमीटर केले की बोल्टावरचा वाकवणारा जोर दीडपटीच्या जवळ जातो. शिवाय आपल्याकडे सिमेंट रस्ता आणि कडेचे गट्टू यांच्यात जागोजागी पायरी असते. लांब ठोकळा तिथे अडकला तर घसरणारी बाइक कोलांटी घेते, आणि मग स्लायडर नसता तर बरं झालं असतं असं वाटण्याइतकं नुकसान होतं.

पायाला मात्र याचं संरक्षण नाही. हँडलला टांगलेल्या लिंबू-मिरचीचंही नाही, फक्त ती स्वस्त पडते आणि तिच्यासाठी इंजिन सोडावं लागत नाही.

एकदा पडलेल्या बाइकचा ठोकळा कमी झिजला असेल तर परत वापरता येतो. बोल्टावर मात्र डोळे झाकून भरवसा ठेवू नका. तो काढून डोकं ओट्याच्या कडेबाहेर ठेवा आणि दांडी कडप्प्यावर लोळवून बघा. खाली उजेडाची फट उघडझाप करत असेल तर तो वाकलाय. ठोकून सरळ करू नका, नवा आणा. आणि जिथून काढला त्या भोकाभोवती बॅटरीच्या उजेडात केसासारखी भेग आहे का, तेही बघा.