डायनासोरचं पोट पांढरं का रंगवावं?

"रंग मनाला येईल तो द्या हो, बघायला कोण होतं तेव्हा?" खेळण्यातले डायनासोर नव्याने रंगवणाऱ्याला हे वाक्य ऐकावंच लागतं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात टेबलावर मांडले की पालक म्हणतात, मास्तर म्हणतात, कधी जीवशास्त्राचे सरही म्हणून जातात. २०१० सालापर्यंत त्यांच्याशी वाद घालायला कुणाकडेच फारसं काही नव्हतं. आता आहे, आणि ते इतकं सुंदर आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी रंगकामाचं थोडक्यात. पापो, सफारी, कलेक्टा या कंपन्यांच्या पीव्हीसी प्लास्टिकच्या मॉडेलांची घडण सुरेख असते. गुडघ्यावरची सुरकुती आणि मानेखालची लोंबती कातडीही बोटाला जाणवते. यात्रेत मिळणारे स्वस्त डायनासोरही हाताशी धरण्यासारखे असतात. मॉडेल भांड्याच्या साबणाने धुवा, कारण साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर अंगावर असेल तर रंग धरत नाही. वाकडी शेपूट गरम पाण्यात धरून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. मग ॲक्रिलिकचे पातळ हात द्या. ऑइल पेंट आणि साधे स्प्रेचे डबे टाळा. मऊ पीव्हीसीतला प्लास्टिसायझर, म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य, वर येऊन रंगात मिसळतो आणि रंग कितीही दिवस ठेवला तरी चिकटच राहतो. काही डायनासोरांना पिसं होती; ती हवी असतील तर एपॉक्सी पुट्टीने (दोन भाग मळून लावायची, वाळून कडक होणारी लुकण) चढवा. एवढं कुणालाही जमतं. अडतं ते रंग निवडताना.

पिसांना आणि कातडीला रंग देणारं मेलॅनिन पेशींमध्ये मोकळं नसतं, मेलॅनोसोम नावाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेलं असतं. यांची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. काळ्या-करड्या रंगाचे मेलॅनोसोम तांदळासारखे लांबट असतात, तांबूस रंगाचे मोहरीसारखे गोल. जीवाश्मांतल्या पिसांवर हे दाणे पूर्वीही दिसले होते, पण ते कुजवणारे जिवाणू असावेत असं मानलं गेलं. २००८ मध्ये जीवाश्म-संशोधक याकोब विंथर आणि सहकाऱ्यांनी ब्राझीलमधलं एक पट्टेरी जीवाश्म पीस तपासलं. दाणे फक्त गडद पट्ट्यांत होते, फिकट पट्ट्यांत नव्हते. जिवाणू असते तर सगळीकडे असते. म्हणजे ते मेलॅनोसोमच.

तिथून दार उघडलं. २०१० मध्ये चीनमधल्या सायनोसॉरोप्टेरिक्स या पिसं असलेल्या डायनासोरच्या शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे असल्याचं कळलं. त्याच वर्षी अँकिऑर्निस या दुसऱ्या डायनासोरचं जवळजवळ पूर्ण अंग रंगवता आलं: करडं-काळं शरीर, पंखांवर पांढरे पट्टे, डोक्यावर तांबूस तुरा. २०१२ मध्ये मायक्रोरॅप्टर या आणखी एका डायनासोरची पिसं काळी आणि झळाळती ठरली, कारण त्याचे मेलॅनोसोम अरुंद, लांब आणि शिस्तीत रचलेले होते. बीड जिल्ह्यातल्या नायगावच्या अभयारण्यात मोराचा जो गळा निळा दिसतो, त्यातही निळं रंगद्रव्य नाही. मेलॅनिनच्या कांड्यांच्या जाळीदार रचनेतून प्रकाश परावर्तित होऊन तो निळा उमटतो.

सगळेच रंग असे टिकत नाहीत. अन्नातून येणारी पिवळी-लाल रंगद्रव्यं सहसा नष्ट होतात, मेलॅनिन चिवट असल्याने कोट्यवधी वर्षं तग धरतं. डीएनएही मेलॅनिनसारखा टिकत नाही, म्हणूनच "डायनासोरचा डीएनए सापडला, आता तो परत येणार" असा मेसेज आला की पुढे पाठवू नका. आजवर मिळालेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलँडमधला, सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा. डायनासोर संपले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. आणि मांजरा नदीच्या खोऱ्यात निघणारी थोराड हाडं राक्षसांचीही नाहीत आणि डायनासोरचीही नाहीत. ती हिमयुगातल्या हत्तींची आणि रानगुरांची आहेत. मराठवाड्याच्या पायाखाली बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला खडक आहे. लाव्हाच्या थरांत हाडं टिकत नाहीत, त्यासाठी गाळाचे खडक लागतात. ते पाहायचे तर चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा किंवा डोंगरगाव गाठावं लागतं.

आता पोटाकडे येऊ. पांढऱ्या पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा ढगाळ दिवशी अंगणात दोन विटांवर आडवा ठेवा. पाइप सगळीकडून सारखाच पांढरा असूनही वरची बाजू उजळ आणि खालची काळपट दिसते. या छायेमुळेच डोळ्याला कळतं की वस्तू गोल आहे, जमिनीपासून वेगळी आहे. शिकारी प्राण्याचा डोळाही हीच छाया शोधतो. ॲबट थेयर नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १८९६ मध्ये मांडलं की प्राण्यांचा रंग नेमका या छायेच्या उलट असतो: जिथे उजेड जास्त तिथे कातडी गडद, जिथे अंधार तिथे फिकट. दोन्ही मिळून एकमेकांना खोडतात आणि अंगाची गोलाई नाहीशी होते. चित्रकार कागदावर छाया देऊन सपाट गोष्टीला गोल करतो. निसर्ग गोल गोष्टीला सपाट करतो.

हे आकड्यांत बसवून बघा, माझ्या मते सगळी गंमत तिथे आहे. एखादा बिंदू किती उजळ दिसेल, तर त्यावर पडणारा प्रकाश गुणिले त्याची प्रकाश परत फेकण्याची क्षमता. आभाळ सगळीकडे सारखं उजळ आहे असं धरू. पाइपच्या माथ्याला पूर्ण आभाळ दिसतं, त्याचा प्रकाश १ माना. बगलेला अर्धं आभाळ आणि अर्धी जमीन दिसते. बुडाला नुसती जमीन. जमीन पडलेल्या प्रकाशाचा पाचवा भाग परत फेकत असेल तर बुडाला ०.२ मिळतं आणि बगलेला अर्धा अधिक ०.१, म्हणजे ०.६. गोलाई मिटवायची तर गुणाकार सगळीकडे सारखा यायला हवा. म्हणजे पोट पाठीच्या पाचपट उजळ हवं. पोट ८० टक्के प्रकाश परत फेकणारं पांढरं असेल तर पाठ १६ टक्क्यांची, म्हणजे गडद तपकिरी. आपल्या काळ्या मातीवर हिशोब आणखी ताणला जातो. ती जेमतेम दहावा भाग परत फेकते असं धरलं तर पोट आणि पाठ यांतला फरक दहापट होतो. दुपारच्या कडक उन्हात आणखी एक गोष्ट बदलते. थेट किरण बगलेवर संपतात, त्यामुळे उजेड-सावलीची सीमा रेघ मारल्यागत तीव्र होते आणि अंगावर वर सरकते. झाडीत आभाळाचा प्रकाश विखरून येतो, तिथे ती सीमा खाली असते आणि हळूहळू विरघळते. थोडक्यात, पाठीचा गडद रंग कुठे आणि कसा संपतो यावरून प्राणी माळावरचा की झाडीतला हे ओळखता येतं.

आपल्याकडे हे रोज दिसतं. बीड-धाराशिवच्या माळावर काळवीट बघा: वर गडद, खाली पांढरं, मध्ये सरळ स्पष्ट रेघ. मादीचा रंग मातकट असतो, तिच्याही बगलेवर हीच तीव्र सीमा.

२०१६ मध्ये विंथर यांच्या गटाने हा हिशोब डायनासोरवर करून पाहिला. जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या झेंकेनबर्ग संग्रहालयात सिटॅकोसॉरस या पोपटासारख्या चोचीच्या छोट्या शाकाहारी डायनासोरचा एक अप्रतिम जीवाश्म आहे, सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या कातडीवर रंगाचे डाग शिल्लक आहेत. रॉबर्ट निकल्स या कलावंताने त्याचं पूर्ण आकाराचं मॉडेल घडवलं. मग त्याचीच एक प्रत एकसारखी करडी रंगवून इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या वनस्पती उद्यानात उघड्यावर आणि झाडांखाली ठेवली, फोटो काढले आणि छाया नेमकी कुठे पडते ते मोजलं. जीवाश्मातली सीमा झाडाखालच्या छायेशी जुळली. सिटॅकोसॉरस झाडीत राहत होता. पुढच्याच वर्षी सायनोसॉरोप्टेरिक्सवर वरची, तीव्र सीमा सापडली. तो मोकळ्या जागेतला. एका खेळण्यासारख्या मॉडेलवरून १२ कोटी वर्षांपूर्वीच्या सावलीबद्दल बोलता येतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

मॉडेल रंगवणाऱ्यांची रूढ पद्धत मात्र याच्या बरोबर उलट आहे. लहान मूर्ती उठावदार दिसावी म्हणून वरून फिकट रंग मारायचा आणि खालच्या बाजूला गडद पातळ रंग साचू द्यायचा. सैनिकांच्या मूर्तींना ते शोभतं. सिटॅकोसॉरसला तसं रंगवलं तर त्याच्या अंगावरची लपण्याची युक्तीच पुसली जाते. मी पाठीला रॉ अंबरमध्ये (गडद तपकिरी) चिमूटभर काळा घालतो, बगलेत बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि पोटाला पांढऱ्यात थोडा ऑकर (मातकट पिवळा). पाठीवरून पोटाकडे जाताना प्रत्येक हातात पांढरा वाढवत न्यायचा, आणि कडा ओल्या असतानाच दुसऱ्या ओल्या ब्रशने मिसळायच्या. कोरड्या ब्रशने खवल्यांच्या फक्त टोकांवर उजाळा द्यायचा, मोठ्या भागावर नाही. शेवटी मॅट वॉर्निश. चकाकी आली की सगळा हिशोब बिघडतो, कारण चकाकी गोलाई परत दाखवते. ट्यूबलाइटखाली असं मॉडेल थोडं सपाट दिसतं. दिसू द्या.

मोठ्या प्राण्यांचं काय? हत्ती, गेंडा यांना असा रंग लागत नाही. पूर्ण वाढल्यावर त्यांना खाणारं कुणी नसतं. पण कॅनडात खाणीत सापडलेला बोरिअलोपेल्टा हा चिलखती डायनासोर तब्बल १३०० किलोचा होता, आणि २०१७ मध्ये त्याचीही पाठ तांबूस गडद आणि खालचं अंग फिकट असल्याचं रासायनिक तपासणीतून दिसलं. अंगावर काटेरी चिलखत असूनही लपावं लागत होतं, म्हणजे शिकारी किती जबर असतील!

आपला राजासॉरस हा असाच एक शिकारी डायनासोर. गुजरातमधल्या राहिओलीजवळ त्याची हाडं सापडली, २००३ मध्ये नाव दिलं गेलं. त्याला वाघासारखा नारिंगी रंगवायचा मोह अनेकांना होतो. वाघाचा नारिंगी खपून जातो, कारण हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशींचे दोनच प्रकार असतात आणि त्यांना नारिंगी व हिरवा वेगळे कळत नाहीत. पक्ष्यांमध्ये असे चार प्रकार असतात, आणि पक्षी हे डायनासोरचेच वंशज. त्यामुळे राजासॉरसच्या भक्ष्याला नारिंगी दुरूनच दिसला असता. त्याच्या कार्नोटॉरस या नातलगाच्या कातडीचे ठसे मिळाले आहेत, त्यांत खवले आहेत, पिसं नाहीत. म्हणून माझा राजासॉरस मातकट, पाठीवर गडद, पोटाला फिकट. कपाळावरच्या शिंगाला मात्र मी लाल कंधारी गाईचा गडद तांबडा देतो, कारण एकमेकांना दाखवायचा अवयव भडक असू शकतो. त्या तांबड्याला जीवाश्माचा आधार नाही, आणि तळाच्या लाकडी पाटीवर मी तसं लिहून ठेवतो: सिटॅकोसॉरसच्या पाटीवर "रंग: पुरावा", राजासॉरसच्या पाटीवर "रंग: तर्क".