टोनीपँडीत गोळीबार झाला नव्हता

नोव्हेंबर 1910 मध्ये वेल्समधील टोनीपँडीच्या संपकरी खाणकामगारांवर गृहमंत्री चर्चिल यांनी सैन्याकरवी गोळ्या झाडल्या, ही समजूत शतकभर टिकून आहे. ती खरी नाही. नव्या थरातील कोळशाला टनामागे किती दर द्यायचा यावरून पेटलेल्या या वादात चर्चिल यांनी निघालेले सैन्य आधी वाटेत थोपवून लंडनचे पोलीस धाडले, आणि दुकानांच्या काचा फुटल्या त्या 8 नोव्हेंबरच्या दंगलीत चालल्या त्या पोलिसांच्या लाठ्या. अर्थात एवढ्याने चर्चिल निर्दोष ठरत नाहीत, कारण पाठोपाठ आलेल्या सैन्याने कित्येक महिने खोऱ्यात तळ ठोकला. सैनिकांच्या गोळ्यांनी दोघे ठार झाले ते ऑगस्ट 1911 च्या रेल्वे संपात, वेल्समधल्याच लानेल्ली या गावी. तेव्हाही गृहमंत्री चर्चिलच असल्याने दोन्ही घटना बहुधा लोकस्मृतीत एक झाल्या.