आच किती, हे पोथीत नाही : ताओ परंपरेतली अंतःसाधना आणि गुरू

पक्ष्याचं एक हलकं पीस नाकातोंडासमोर ठेवायचं. नाकाने श्वास आत घ्यायचा, कोंडायचा, मनातल्या मनात १२० पर्यंत मोजायचं आणि मग तो तोंडाने इतका सावकाश सोडायचा की पीस हलता कामा नये. श्वास येता-जाताना त्याचा आवाज स्वतःच्या कानालाही ऐकू येऊ नये. आत जास्त घ्यायचा, बाहेर कमी सोडायचा.

ही कृती गे हुंग या चिनी विद्वानांनी चौथ्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवली. त्यांचा ‘बाओपूझी’ हा ग्रंथ आजही मिळतो. आकडा आहे, कसोटी आहे, नवशिक्याने सुरुवात कुठून करायची तेही आहे. वाचणाऱ्याला वाटतं, एवढं स्पष्ट लिहिलंय तर गुरू कशाला हवा? पण हेच गे हुंग त्याच ग्रंथात पुन्हा पुन्हा बजावतात की खरी गोष्ट कागदावर नसते, ती तोंडी मिळते. त्यांचे गुरू झेंग यिन यांच्याकडे पन्नासहून जास्त शिष्य होते. सर्वांत महत्त्वाच्या पोथ्या आपल्या एकट्याच्या हाती आल्या, असं गे हुंग सांगतात. हे ते बढाई म्हणून सांगतात असं मला वाटत नाही. हातात आलेल्या गोष्टीचं ओझं त्या लिखाणात जाणवतं.

चीनच्या ताओ परंपरेतली ‘ची’ची साधना आज ध्यानवर्गांतून, व्हिडिओंतून, आरोग्यशिबिरांतून जगभर पोचली आहे. ‘ची’ म्हणजे श्वास, वाफ, प्राण, सगळंच. ही साधना शिकायची कुणाकडून, हा प्रश्न तिच्या पाठीशी दोन हजार वर्षं आहे, आणि तिच्या इतिहासाला बऱ्याचदा त्यानेच वळण दिलं आहे.

सुरुवात गे हुंग यांच्याही बरीच आधीची. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या सुमाराला रचलेलं ‘नेइये’ नावाचं एक छोटं पद्यमय प्रकरण ‘ग्वानझी’ या संग्रहात आहे. त्यातली कल्पना अगदी घरगुती आहे: मन हे घर आहे, ते झाडून स्वच्छ ठेवा, म्हणजे येणारा आपण होऊन येईल. शरीर सरळ, चित्त शांत, श्वास सुरळीत, एवढंच. त्याच युगातला बारा पैलूंचा एक जेडचा तुकडा सापडला आहे. त्यावर ‘ची’ शरीरात खाली कशी न्यायची आणि परत वर कशी आणायची, हे ४५ अक्षरांत कोरलेलं आहे. प्राचीन ताओ विचारवंत च्वांग त्से यांच्या नावावरच्या ग्रंथात तर अस्वलासारखं लोंबकळणाऱ्या आणि पक्ष्यासारखं अंग ताणणाऱ्या, फुंकर घालत श्वास घेणाऱ्या मंडळींना चिमटाही काढला आहे. म्हणजे असे लोक तेव्हा चांगलेच ओळखीचे असणार.

ते दिसायचे कसे, हे १९७३ साली कळलं. हुनान प्रांतात चांगशा शहराजवळ मावांगदुई इथे इसवी सनपूर्व १६८ मध्ये बंद केलेली एक कबर उघडली. त्यात ताओ विचाराचे आद्य पुरुष लाओ त्से यांच्या ग्रंथाच्या रेशमावर लिहिलेल्या प्रती होत्या आणि रंगीत चित्रांचा एक रेशमी पटही होता. त्यावर चार ओळींत ४४ माणसं आहेत: बायका, पुरुष, तरुण, म्हातारे. कुणी हात वर ताणलेत, कुणी कमरेत वाकलंय, काहींच्या अंगावर वरचं वस्त्र नाही. बाजूला लहान अक्षरांत मथळे आहेत, कुठे प्राण्याचं नाव, कुठे दुखण्याचं. एका जागी गुडघेदुखीचा उल्लेख आहे. अमरत्वाच्या गोष्टी आपण नेहमी ऐकतो, म्हणून हा गुडघा मला फार मोलाचा वाटतो. या परंपरेला पहिल्यापासून दुखऱ्या शरीराची काळजी होती.

पुढच्या शतकांत दोन वाटा शेजारी-शेजारी चालल्या. एक वाट भट्टीची. पारा, शिसं, हिंगूळ तापवून अमरत्वाची गुटिका तयार करायची. हिंगुळाला चिनीत ‘दान’ म्हणतात, आणि त्यावरून गुटिकेलाही तेच नाव पडलं. गे हुंग मुख्यतः याच वाटेचे. आपल्या रसशास्त्राची आठवण यावी अशीच ही विद्या आहे. दुसरी वाट ध्यानाची. माओशान डोंगराशी निगडित शांगछिंग परंपरेचे साधक शरीराच्या आतल्या देवतांचं ध्यान करत. आठव्या शतकात सिमा चेंगझेन यांनी ‘बसून विसरणे’ या साधनेवर ग्रंथ लिहिला. भट्टीच्या वाटेने मात्र जीव घेतले. नवव्या शतकात तांग घराण्याच्या एकाहून अधिक सम्राटांच्या मृत्यूचा ठपका इतिहासकारांनी याच गुटिकांवर ठेवला आहे. भट्टी बाहेरून आत येण्याचं हे एकच कारण नव्हतं, आतल्या साधनेची वाट आधीपासून होतीच. पण विषाचा अनुभव गाठीशी आल्यावर तिच्याकडे ओढा वाढला, हे समजण्यासारखं आहे.

या आतल्या किमयेला ‘नेइदान’ म्हणतात. भाषा सगळी जुनीच राहिली, भांडी तेवढी बदलली. बेंबीखाली तीन-चार बोटांवर जी जागा, ती ‘दानत्येन’, म्हणजे हिंगुळाचं शेत. तिथे चूल. शिसं आणि पारा म्हणजे मूत्रपिंडाशी जोडलेलं पाण्याचं तत्त्व आणि हृदयाशी जोडलेलं अग्नीचं तत्त्व. शरीरातल्या ‘जिंग’चं, म्हणजे सत्त्वाचं, ‘ची’त रूपांतर करायचं, ‘ची’चं ‘शेन’मध्ये, म्हणजे चैतन्यात, आणि शेवटी तेही शून्यात विलीन करायचं. मधल्या टप्प्यावर ‘ची’ पाठीच्या कण्यातून वर चढवून शरीराच्या पुढच्या बाजूने खाली आणायची, असं वर्तुळ सांगितलं आहे. सगळ्या चिंतेचं मूळ एका शब्दात आहे: ‘हुओहौ’, म्हणजे आच. लक्ष किती एकवटायचं, कधी सैल सोडायचं, कुठे थांबायचं. या परंपरेत एक जुनं वचन आहे: ऋषी औषध सांगतात, आच सांगत नाहीत. स्वयंपाक शिकलेल्या कुणालाही हे पटेल. साहित्य आणि प्रमाण वहीत उतरवून घेता येतं, पाक एकतारी झाला की दोनतारी हे मात्र कुणाच्या तरी शेजारी उभं राहूनच कळतं. इथे आच चुकली तर पाक नाही, माणूस बिघडतो. त्याला चिनीत ‘आग भरकटली, भूत शिरलं’ या अर्थाचा शब्दप्रयोग आहे, आणि आधुनिक चिनी मानसोपचारातही अशा साधनेतून उद्भवणाऱ्या विकाराची स्वतंत्र नोंद केली गेली.

गुरूच्या प्रश्नाचा सर्वांत लख्ख दाखला झांग बोदुआन यांचा आहे. ते तिआनताईचे. पोथ्या वाचून वाचून म्हातारे झाले तरी हाती काही लागेना. अखेर १०६९ साली चेंगदू शहरात त्यांना गुरू भेटला. १०७५ मध्ये त्यांनी ‘वुझेन प्येन’ हा काव्यग्रंथ लिहिला, नेइदानाच्या सर्वांत मान्य ग्रंथांपैकी एक. त्यातल्या एका पद्याचा आशय असा: तू कन्फ्यूशियसच्या सर्वोत्तम शिष्यांपेक्षा हुशार असशील, तरी खरा गुरू भेटल्याशिवाय अंदाज बांधत बसू नकोस, पोथीत तोंडी सूत्र नसतं, मग तू अमरत्वाचा गर्भ धरणार कुठे? पुस्तकानेच पुस्तकाची मर्यादा सांगावी, असा हा प्रकार. ग्रंथाच्या शेवटी ते आणखी एक गोष्ट कबूल करतात. आपण ही विद्या तीन वेळा अयोग्य माणसांना दिली आणि तिन्ही वेळा आपल्यावर संकट आलं. म्हणून आता पद्यातच सांगतो, ज्याची पात्रता असेल त्याला उमगेल. गुरू मिळणं अवघड आहे हे आपण नेहमी ऐकतो. शिष्य चुकीचा निवडला म्हणून हळहळणारा गुरू क्वचितच दिसतो.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी वांग चोंगयांग यांनी गुरू-शिष्य नात्याला मठाचं रूप दिलं. ११५९ मध्ये झालेल्या एका साक्षात्कारी भेटीनंतर त्यांनी स्वतःसाठी खड्डा खणला, त्याला ‘जिवंत मेलेल्याची कबर’ असं नाव दिलं आणि त्यात दोनेक वर्षं राहिले. पुढे ज्या झोपडीत राहत होते ती जाळून ते पूर्वेला शांदोंगमध्ये गेले. तिथे मा यू नावाचे श्रीमंत गृहस्थ आणि त्यांची पत्नी सुन बुअर यांनी त्यांना जागा दिली. वांग यांनी तिथल्या झोपडीत स्वतःला १०० दिवस कोंडून घेतलं आणि ते आतून या जोडप्याला नासपतीच्या फोडी पाठवत राहिले. चिनीत ‘नासपती वाटणं’ आणि ‘वेगळं होणं’ यांचा उच्चार सारखाच. उपदेशाचं भाषण नाही, फक्त फळाच्या फोडी, पुन्हा पुन्हा. संसारातून बाहेर पडायची वेळ झाली, हे त्या दोघांना त्यातून समजायचं होतं. शेवटी दोघांनीही घर सोडलं. सुन बुअर सात प्रमुख शिष्यांपैकी एकमेव स्त्री ठरल्या. त्या घरात त्या फोडी तोंडात टाकताना काय वाटत असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

या सातांपैकी च्यू चूजी यांना चंगीझ खानाने बोलावणं धाडलं. सत्तरी ओलांडलेले च्यू शांदोंगहून निघाले आणि १२२२ मध्ये हिंदुकुशाच्या परिसरात खानाला भेटले. खानाने पहिलाच प्रश्न अमरत्वाच्या औषधाचा केला. च्यू यांचं उत्तर त्यांच्या शिष्याने लिहून ठेवलं आहे: जीव जपायचे मार्ग आहेत, अमर करणारं औषध नाही. अर्धं जग जिंकलेल्या माणसाला तोंडावर हे सांगायला धैर्य लागतं. बीजिंगचं शुभ्रमेघ मंदिर च्यू यांच्या समाधीमुळे या परंपरेचं मोठं केंद्र झालं.

त्याच मंदिरात १८८६ मध्ये कोरलेला एक शिलापट आहे. माणसाचं धड आणि डोकं बाजूने दाखवलंय, पण ते आहे डोंगराच्या रूपात. डोक्याच्या जागी सुळके, कण्याच्या जागी वर चढणारा प्रवाह. तळाशी एक मुलगा आणि एक मुलगी रहाट पायाने फिरवत पाणी उलट्या दिशेने वर चढवतायत. पोटाच्या ठिकाणी शेतकरी बैलाने जमीन नांगरतोय. त्याच्या वर एक बाई सूत कातत बसलीय. शिलापटावरून कागदावर ठसे घेतले गेले आणि ते चित्र जगभर पोचलं. पाणी वर चढतंय हे दिसतं. रहाट किती जोराने फिरवायचा, हे चित्रात नाही.

इथे आपल्या वाचकाला ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय आणि नाथांची गुरुपरंपरा आठवल्यावाचून राहणार नाही. साम्य आहे, पण एकाला दुसऱ्याच्या चौकटीत बसवायची घाई नको. दानत्येन म्हणजे चक्र नव्हे, आणि ‘ची’ म्हणजे कुंडलिनी नव्हे. प्रत्यक्ष धागा हवा असेल तर तो दुसरीकडे आहे: ६४७ मध्ये कामरूपच्या (आजच्या आसामच्या) राजाच्या इच्छेवरून तांग सम्राटाने ह्युएन त्संग यांना लाओ त्से यांचा ग्रंथ संस्कृतात करायला सांगितलं. तेव्हा ‘ताओ’ला ‘मार्ग’ म्हणायचं की ‘बोधी’, यावर ताओ पंडित आणि ह्युएन त्संग यांच्यात वाद झाला. ह्युएन त्संग ‘मार्ग’वर ठाम राहिले.

विसाव्या शतकात गुरूची जागाच हलली. १९१४ मध्ये जियांग वेइच्याओ या शिक्षणतज्ज्ञांनी शांत बसण्याच्या पद्धतीवर एक लहान पुस्तक काढलं. त्यांना क्षय झाला होता आणि बसण्याच्या साधनेने ते बरे झाले. त्यांनी शिसं-पारा, ड्रॅगन-वाघ ही सगळी सांकेतिक भाषा बाजूला ठेवली आणि स्वतःला काय जाणवलं ते सरळ लिहिलं. पुस्तकाला प्रचंड वाचक मिळाले. १९२३ ते १९२६ दरम्यान ताओ ग्रंथांचा संपूर्ण संग्रह शांघायमध्ये छापून निघाला, आणि मठांच्या कपाटातल्या पोथ्या ग्रंथालयांत आल्या. १९२९ मध्ये रिचर्ड विल्हेल्म यांनी जर्मनमध्ये आणलेला अशाच एका ग्रंथाचा अनुवाद मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या विवेचनासह निघाला, आणि युरोपातल्या वाचकाला ही साधना गुरूशिवाय, पुस्तकातूनच भेटली.

या काळातले चेन यिंगनिंग मला सर्वांत जवळचे वाटतात. तरुणपणी आजारपणाने खंगलेले चेन डोंगराडोंगरांत गुरू शोधत फिरले आणि निराश होऊन परतले. मग त्यांनी शांघायच्या मंदिरात बसून ताओ ग्रंथसंग्रह वाचून काढला. १९३३ पासून त्यांच्या पाक्षिकात वाचकांच्या पत्रांना ते छापील उत्तरं देत. साधनेतल्या अडचणी, शरीरात जाणवणाऱ्या गोष्टी, सगळं उघड. ही विद्या दडवून ठेवली तर ती मरेल, असं त्यांचं म्हणणं होतं. सुन बुअर यांच्या कवितांवरचं त्यांचं भाष्य स्त्रियांच्या साधनेसाठी होतं. पत्र लिहिणाऱ्याची आच त्यांना दिसत नव्हती, तरी ते उत्तर देत राहिले.

यानंतर साधना दवाखान्यात गेली. हेबेई प्रांतातले कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते ल्यू ग्वेइजेन यांना पोटाच्या अल्सरने ग्रासलं होतं. १९४७ मध्ये गावातल्या एका वडीलधाऱ्या नातेवाइकाने त्यांना श्वासाची साधना शिकवली आणि ते बरे झाले. १९४९ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘चीगोंग’ हे नाव ठरवलं. साधनेत मनात म्हणायच्या जुन्या मंत्रातला सोनेरी ड्रॅगन काढून तिथे ‘मी तब्येतीसाठी बसतो’ अशा अर्थाचं साधं वाक्य आलं. पन्नाशीच्या दशकात बेइदाइहे इथे आरोग्यधाम निघालं. गुरूच्या जागी पांढरा कोट आला. माओंच्या सांस्कृतिक क्रांतीत हेही चिरडलं गेलं. ल्यू यांना पक्षातून काढून शेतावर पाठवलं. तरी त्याच सुमारास चित्रकार गुओ लिन, ज्या स्वतः कर्करोगातून वाचल्या होत्या, बीजिंगच्या बागांत लोकांना चालता-चालता श्वासाची साधना शिकवू लागल्या. ऐंशीच्या दशकात कोट्यवधी लोक बागांत उभे होते आणि सभागृहांत बसून ‘ची’ फेकणाऱ्या वक्त्यांना ऐकत होते. शेजारी उभा राहून आच पाहणारा गुरू एवढ्या गर्दीत असणं शक्यच नव्हतं. मानसिक बिघाडाच्या तक्रारी वाढल्या, आणि १९९९ मध्ये, या चीगोंगच्या लाटेतूनच निघालेल्या फालुन गोंग या पंथावरच्या बंदीने, ते पर्व संपलं. २००३ मध्ये सरकारने अष्टखंडी व्यायाम आणि पाच प्राण्यांचा खेळ यांसारख्या चार प्रमाणित क्रमांना मान्यता दिली. हालचाल, मोजणी, संगीत, सगळं ठरलेलं.

मठांमधली जुनी पद्धत मात्र चालू आहे. च्यू चूजी यांच्या नावाने चालणाऱ्या लोंगमेन शाखेकडे एक कविता आहे. दीक्षा घेणाऱ्या प्रत्येक पिढीच्या नावात त्या कवितेतलं पुढचं अक्षर येतं. गुरूच्या नावात एक अक्षर, शिष्याच्या नावात त्याच्या लगतचं. नवा शिष्य आला की कविता एका अक्षराने पुढे सरकते.