तारा घट्ट केल्या त्या रात्री

भाचीला दातांच्या तारा लावल्या त्या संध्याकाळी ती दवाखान्यातून हसतच बाहेर पडली. तार धरून ठेवायला दातांवर छोटे ब्रॅकेट चिकटवतात, त्यांच्यावरच्या रबरी कड्यांचा निळा रंग तिने स्वतः निवडला होता. आरशात दहा वेळा बघून झालं होतं आणि दुखत तर काहीच नव्हतं. रात्री साडेनऊला तिचा फोन आला. "मावशी, सगळे दात आंबलेत गं. भातसुद्धा चावत नाहीये. काही चुकलंय का?"

काही चुकलं नव्हतं. तारा लावल्यावर दुखणं असंच उशिरा, दोन-चार तासांनी सुरू होतं. पण हे तिला आधी कुणीच सांगितलं नव्हतं, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. दुखण्यात भीती मिसळली की रात्र फार लांबते.

दात 'आंबलेत' हा तिचा शब्द मला अगदी नेमका वाटला. किडक्या दाढेचा ठणका वेगळा असतो, गार पाणी लागल्यावर जाणारी कळ वेगळी, आणि हे आंबणं वेगळं. बोथट, सगळीकडे पसरलेलं, दातावर दात टेकला की उठणारं. कैरीने आंबतो तो दात स्वतः. तारेमुळे दुखतो तो मात्र दात नव्हे, दुखतं ते त्याच्या मुळाभोवतीचं अस्तर.

दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटरची, म्हणजे वहीच्या दोन पानांइतकी फट असते. बाजेला सुतळी विणलेली असते तसे त्या फटीत असंख्य तंतू ताणलेले असतात आणि दात त्यांच्यावर तोललेला असतो. त्याच फटीत बारीक रक्तवाहिन्या असतात, चेतातंतू असतात. भातातला बारीकसा खडा आपल्याला चटकन कळतो तो याच चेतातंतूंमुळे. इतकी हळवी जागा आहे ती.

तार दाताला एका बाजूला रेटते तेव्हा त्या बाजूचं अस्तर चेपतं आणि दुसऱ्या बाजूचं ताणलं जातं. चेपलेल्या भागात रक्त नीट पोहोचत नाही. मग पेशी प्रोस्टाग्लँडिन, इंटरल्युकिन अशी रसायनं सोडू लागतात. ती साठायला वेळ लागतो, म्हणून खुर्चीवरून उठताना दुखत नाही. हिरडीच्या कडेला पाझरणाऱ्या द्रवात ही रसायनं मोजली गेली आहेत. इंटरल्युकिन साधारण २४ तासांनी सर्वात जास्त सापडतं, आणि दुखणंही त्याच सुमाराला शिगेला पोहोचतं. एरवी जो दाब चेतातंतूंच्या खिजगणतीतही नसतो, तो आता त्यांना सहन होत नाही. भाताचं शीत खड्यासारखं लागतं. तिसऱ्या दिवसापासून उतार पडतो आणि आठवड्याभरात बहुतेकांचं दुखणं थांबतं. पुढच्या खेपेला तार बदलली किंवा घट्ट केली की हे चक्र पुन्हा फिरू शकतं.

गंमत अशी की दात सरकवण्याचं कामही हीच रसायनं करतात. त्यांच्या हाकेला येणाऱ्या पेशी चेपलेल्या बाजूचं हाड कुरतडतात, ताणलेल्या बाजूला नवं हाड भरलं जातं, आणि दात महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर पुढे जातो. जिवंत हाडातून वाट काढत जायचं, तर एवढा वेळ लागणारच.

"डॉक्टर, चांगल्या आवळा, म्हणजे लवकर होईल," असं पालक सांगताना मी ऐकलं आहे. कृपा करून असं सांगू नका. कार्ल सँडस्टेट या स्वीडिश संशोधकाने १९०४ च्या सुमारास कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग केले तेव्हाच हे दिसलं होतं. दाब फार झाला की चेपलेलं अस्तर रक्ताविना निर्जीव होतं आणि हाड कुरतडणाऱ्या पेशींना तिथे पोहोचताच येत नाही. मग शरीराला हाड मागच्या बाजूने पोखरत यावं लागतं आणि तोवर दात जागेवरच अडून बसतो. पुढे १९३२ साली श्वार्झ या दंतवैद्यांनी मांडलं, की दाताच्या मुळावरचा दाब केशवाहिन्यांमधल्या, म्हणजे सर्वात बारीक रक्तवाहिन्यांमधल्या, रक्ताच्या दाबाएवढा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम असावा. आज या आकड्याला कुणी पाषाणावरची रेघ मानत नाही, पण हलका आणि सतत दाब हवा हे तत्त्व टिकलं आहे.

अशा हलक्या दाबासाठी लागणारी तार मात्र दंतवैद्यकातून आली नाही. निकेल आणि टायटॅनियमचा 'निटिनॉल' हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांच्या हाती लागला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्ज अँड्रियासन या दंतवैद्यांनी तो दातांसाठी आणला. यातल्या काही तारा तापमान ओळखतात. तोंडाच्या उबेत त्या ताठ राहतात आणि गार पाण्याने मऊ पडतात. तुमची तार अशी असेल, तर गार पाण्याच्या घोटाने काही क्षण दाब खरोखरच कमी होतो. गरम चहाचा परिणाम उलटा, म्हणून पहिले दोन दिवस चहा जरा निववूनच प्यावा.

औषधाचं म्हणाल, तर पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्हींचा उपयोग होतो. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात दोघांत ठळक फरक दिसला नाही. आयबुप्रोफेन प्रोस्टाग्लँडिनलाच अडवतं, त्यामुळे दात सरकण्याचा वेग मंदावेल अशी शंका घेतली जाते आणि म्हणून अनेक डॉक्टर पॅरासिटामॉल सुचवतात. एक-दोन दिवसांच्या गोळ्यांनी उपचार रखडतात असं मात्र नाही. वयानुसार किती घ्यायची हे डॉक्टरांना विचारावं, आणि मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. ब्रिटनमध्ये सुमारे हजार किशोरवयीन मुलांवर झालेल्या एका चाचणीत बिनसाखरेचं च्युइंगगम चघळणाऱ्यांना आयबुप्रोफेन कमी लागलं, आणि त्यांच्या तारा-ब्रॅकेट जास्त तुटले असंही झालं नाही. तरी आपल्या डॉक्टरांना विचारूनच चघळावं. जेवणात मऊ भात-वरण, पेज, दुधात कुस्करलेली भाकरी. चिक्की, चकली, ऊस, कणीस हे दुखणं थांबल्यावरही नको, त्यांनी ब्रॅकेट निघतात.

मला मात्र सगळ्यात भावला तो २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक साधा प्रयोग. तारा लावलेल्या काही रुग्णांना नंतर फोन करून आपुलकीने विचारपूस केली, धीर दिला. काहींना नुसतं 'अभ्यासात भाग घेतलात, आभारी आहोत' एवढ्यासाठी फोन केला. उरलेल्यांना फोन केलाच नाही. फोन आलेल्या दोन्ही गटांनी दुखणं कमी नोंदवलं. तारा सगळ्यांच्या तशाच होत्या. कुणीतरी आठवणीने विचारलं, एवढाच काय तो फरक. दवाखान्याला असा एक फोन परवडत नाही, हे मला पटत नाही.

ओठ-गाल सोलले तर घासणाऱ्या ब्रॅकेटवर दातांच्या तारांसाठीचं मेण लावावं. तारेचं टोक टोचत असेल, दुखणं आठवडा उलटूनही तसंच असेल, एकाच दाताला ठणका असेल, सूज, पू किंवा ताप असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावं.

महिन्याने भाचीची तार बदलली. त्या रात्री आठ वाजता मीच फोन केला. "काय गं, आंबायला लागले का?"

"हो, आत्ताच. उद्या जास्त असेल ना? पण परवापासून कमी." मग म्हणाली, "आईने गुरगुट्या भात टाकलाय. ठेवते मी."