लोगन रॉयच्या आधीचे ब्रायन कॉक्स

२०१८ मध्ये ‘सक्सेशन’ ही इंग्रजी मालिका सुरू झाली तेव्हा अभिनेते ब्रायन कॉक्स बहात्तरीचे होते. त्यात त्यांनी रंगवलेला शिवराळ माध्यमसम्राट लोगन रॉय जगभर गाजला आणि पुष्कळांना प्रश्न पडला, हा म्हातारा इतकी वर्षं होता कुठे? बराच काळ तो नाटकांत होता.

जन्म १ जून १९४६चा, स्कॉटलंडमधल्या डंडीचा. डंडी म्हणजे तागाचं गिरणगाव. बंगालचा ताग बोटींनी इथे यायचा, व्हेलच्या तेलाने मऊ करून कातला जायचा. पुढे हुगळीकाठी गिरण्या उभ्या राहिल्या (तिथेही साहेब बरेचसे डंडीचेच) आणि या गावाची रया गेली. कॉक्स यांच्या आईने तागाच्या गिरणीत सूत कातलेलं. दुकान चालवणारे वडील ब्रायन आठ वर्षांचे असतानाच वारले, आईचं मानसिक स्वास्थ्य वारंवार ढासळू लागलं, आणि पाच भावंडांतल्या या शेंडेफळाला मोठ्या बहिणींनी सांभाळलं.

कोवळ्या वयातच ते डंडी रेपर्टरी थिएटरात पडेल ते काम करू लागले. तिथून लंडनच्या लामडा या नाट्यशाळेत, १९६३ ते १९६५. शिक्षण सरकारी अनुदानावर झालं. ते नसतं तर गिरणी कामगाराच्या घरातला मुलगा तिथवर पोचणं अवघडच होतं, आणि ही गोष्ट कॉक्स स्वतःही आवर्जून सांगतात.

मग एडिनबर्ग, बर्मिंगहॅम, रॉयल शेक्सपिअर कंपनी. १९८७ मध्ये डेबोरा वॉर्नर यांच्या दिग्दर्शनाखाली केलेल्या ‘टायटस अँड्रॉनिकस’ने त्यांना ब्रिटिश रंगभूमीचा मानाचा ऑलिव्हिए पुरस्कार मिळवून दिला. हे शेक्सपिअरचं सर्वांत रक्तरंजित नाटक. कॉक्स यांनी त्यातलं क्रौर्य आणि हसू एकाच दमात पेललं. लोगन मुलांचा पाणउतारा करतो आणि तरी आपल्याला हसू फुटतं, त्याची तालीम इथे झाली असावी असं मला वाटतं.

पडद्यावरचा पहिला हॅनिबल लेक्टर, तो नरभक्षक खुनी डॉक्टरही त्यांचाच, १९८६च्या ‘मॅनहंटर’ या चित्रपटातला. त्याच वर्षी अँथनी हॉपकिन्स लंडनच्या नॅशनल थिएटरात शेक्सपिअरचा किंग लिअर झाले. १९९० मध्ये तिथेच कॉक्स लिअर झाले, आणि १९९१ मध्ये ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ या चित्रपटात हॉपकिन्स लेक्टर. ऑस्कर मात्र हॉपकिन्सना.

लोगनसाठी कॉक्स यांना २०२० मध्ये गोल्डन ग्लोब मिळाला. टीव्हीसाठीचं एमी त्याच्या कितीतरी आधीचं, २००१चं: ‘न्यूरेंबर्ग’ या मालिकेतल्या नाझी नेता हेरमान गोरिंगसाठी.