दातातलं थरांचं फिलिंग सुटतं का?

म्हापशापासून काणकोणापर्यंत फिरणारा जुना फॉरवर्ड सांगतो, ‘फिलिंग थराथरांनी भरलं की थर सुटतात, एकदमच भरून घ्या.’

तसं नाही. दाताच्या रंगाचं कंपोझिट (फिलिंगचा मसाला) निळ्या प्रकाशाने घट्ट होतं आणि नेहमीच्या कंपोझिटमध्ये तो साधारण २ मिलिमीटरच पुरेसा पोचतो. म्हणून थर. प्रत्येक थराचा वरचा पापुद्रा हवेतल्या ऑक्सिजनमुळे किंचित कच्चा, चिकट राहतो. पुढचा थर त्याच्याशीच रासायनिकरीत्या जुळतो. मध्ये वेगळं बॉन्डिंग (चिकटवणारा द्रव) लागत नाही. ते लागतं दाताला, किंवा जुन्या फिलिंगवर नवं चढवताना, तेही आधी खरवडून. खरी पकड घालवते ती थरांत शिरलेली लाळ (तोंडात कापूस कोंबतात तो उगाच नव्हे).

खुर्चीत बसून दिवा किती वेळा लागतो ते बघा. खोल खड्ड्याला एकदाच लागला, तर ‘बल्क-फिल वापरलंत का?’ असं डॉक्टरांना खुशाल विचारा; ते जाड थरासाठीच असतं.